गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी पहिली छोटी बोट, कमी खर्चात: कुठली घ्यावी?

काठावरून (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली ७ वर्षं मी काठावरून गळ टाकतोय. माझ्या नेहमीच्या तलावात काठापासून ७०-८० मीटरवर पाणवनस्पतींचा एक लांबलचक पट्टा आहे. दिवस कलला की त्या पट्ट्याच्या कडेला मासे उसळायला लागतात. माझा ल्युअर (खोटं आमिष) फार तर ४५ मीटर जातो. दोन वर्षं रॉड बदलून, दोरी बारीक करून पाहिली. अंतर काही कापलं जात नाही. आता बोट घ्यायचीच असं ठरवलंय.

पैसे बेताचेच आहेत, त्यामुळे जुनी चालेल. एक सिट-इन कयाक (आत पोकळीत पाय घालून बसायची अरुंद वल्ह्याची होडी) पाहून ठेवली आहे: ३ मीटर लांब, ७० सेंटिमीटर रुंद, लेबलवर कमाल भार १२५ किलो. दिसायला चांगली आहे आणि खिशाला परवडते. माझं वजन ८४ किलो. बहुतेक वेळा एकटाच जातो. कधीतरी मुलगी सोबत असेल, ती दहा वर्षांची आहे. ही कयाक घ्यावी का? की हवेची (फुगवायची) बोट? की ॲल्युमिनियमची? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

जुनेवल्हे

धागा चांगला काढलात. बोट कुठली ते शेवटी बघू. आधी हे सांगा की बोट ठेवणार कुठे, गाडी कुठली, गाडी जिथे उभी राहते तिथून पाणी किती पावलं आहे आणि त्या वाटेवर बोट उचलायला दुसरं कोण असेल? दुपारनंतर त्या तलावावर वारा कसा असतो, तेही लिहा.

पंचवीस वर्षांत मी चार बोटी बदलल्या. त्यातली सगळ्यात चांगली बोट सर्वात कमी वेळा पाण्यात गेली, कारण ती उचलायला दोन माणसं लागायची आणि दुसरा माणूस दर वेळी मिळायचा नाही.

काठावरून

ठेवायला घरच. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गाडी लहान हॅचबॅक, वर कॅरियर नाही. गाडीपासून पाणी साधारण २५० पावलं, शेवटची तीसेक पावलं दगडांतून उतार. उचलायला मी एकटा. वारा सकाळी नसतो, अकरानंतर सुटतो आणि काठाकडून तलावाच्या मध्याकडे वाहतो.

जुनेवल्हे

मग त्या कयाकचा हिशेब मांडून बघू.

तुम्ही ८४. कपडे, बूट आणि लाइफ जॅकेट मिळून ४. रॉड, रीळ, सामानाचा डबा, जाळी ७. नांगर दोरीसकट ३. प्यायचं पाणी, फोनची वॉटरप्रूफ पिशवी, सटरफटर ४. झाले १०२ किलो. लेबलवरचे १२५ म्हणजे 'एवढ्या वजनाला बोट अजून बुडत नाही' अशी मर्यादा समजा. त्या वजनाला ती नीट चालते असं नाही. कयाकवाले सर्रास ७० टक्क्यांचा अंदाज धरतात. १२५ चे ७० टक्के ८७. तुम्ही १५ किलोने वर आहात, आणि अजून एकही मासा बोटीत आलेला नाही. उलटा हिशेब केला तर तुम्हाला १५० किलोच्या आसपास लेबल असलेली बोट हवी. मुलीला घेऊन जायचं असेल तर १९० च्या पुढची.

हे टक्के कुठून येतात तेही सांगतो. बोटीत १ किलो वाढला की तिला १ लिटर पाणी जास्त बाजूला सारावं लागतं. ३ मीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद कयाक पाण्यावर टेकते ते क्षेत्रफळ, टोकं निमुळती धरून, साधारण १.७ चौरस मीटर भरतं. म्हणजे दर १७ किलोला ती १ सेंटिमीटर खाली बसते. आकडा छोटा वाटेल, पण बसल्या बसल्या मासा घ्यायला एका बाजूला वाकलात की कड आणि पाणी यांत आधीच चार बोटं अंतर असतं, त्यातलं अर्धं बोट तुम्ही सामानानेच खाल्लेलं असतं.

शिवाय ७० सेंटिमीटर रुंदी भटकायला छान, मासेमारीला अरुंद. मासेमारीत आपण सतत मागे वळतो, बाजूला वाकतो, जाळी लांबवतो. ८० च्या खाली जाऊ नका. उभं राहून गळ टाकायचा असेल तर ८६-९० बघा.

गळटाक्या

सिट-इनला माझाही नकार. दोन वर्षं वापरली म्हणून सांगतो. माशाने बोटीखालून उलटी धाव घेतली, मी रॉड वाचवायला वळलो आणि आडवा झालो. पाणी छातीपर्यंतच होतं म्हणून निभावलं. मी बाहेर आलो पण कयाकच्या पोटात पाणी भरलं. अर्धी भरलेली कयाक म्हणजे शे-दीडशे लिटर पाणी, तेवढेच किलो. ती उलटी करून रिकामी करणं एकट्याला जमत नाही. ओढत काठाला आणायला पाऊण तास गेला.

सिट-ऑन-टॉपमध्ये बसायची जागा वर असते आणि खालचं पोट बंद असतं. डेकला आरपार भोकं असतात, त्यांना स्कपर म्हणतात. वर आलेलं पाणी त्यातून आपोआप खाली जातं. उलटली तर सरळ करायची, आपण पालथं होऊन वर चढायचं, वळून बसायचं. मांडी ओली राहते हा एकच त्रास.

पत्र्याचीबोट

ॲल्युमिनियमच्या बाजूने कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. सपाट तळाची जॉन बोट, १२ फूट लांब, ४ फूट रुंद. शांत पाण्यात अशी दुसरी बोट नाही. उभं राहा, फिरा, मुलीला पुढे बसवा. किती माणसं बसवावीत यासाठी अमेरिकन तटरक्षक दलाचं एक सोपं सूत्र आहे, २० फुटांखालच्या साध्या मोटारबोटींसाठी: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. इथे ४८ भागिले १५, म्हणजे ३ माणसं. कयाकमध्ये ही चैन नाही.

जुनी घेत असाल तर एकच परीक्षा पुरे. बोट दोन ओंडक्यांवर ठेवा, आतून पाण्याने वीतभर भरा आणि खाली बसून तळ बघा. रिव्हेट सैल असेल तर दोन-तीन मिनिटांत तिथे थेंब धरतो. प्रत्येक थेंबाभोवती खडूने गोल करा. चार-पाच गोल असतील तर ठोकून, सील लावून काम होतं. ओळीने दहा-बारा आले तर सोडून द्या. मागच्या फळीत, जिथे मोटर लागते तिथे, आत लाकूड असतं. त्यावर हातोडीचा दांडा आपटा. भरीव आवाज आला पाहिजे, भदभद आला तर लाकूड कुजलंय.

आणि बाकांखालचा फोम काढून टाकलेली बोट घेऊ नका. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड असतं. फोम नसेल तर भरलेली बोट सरळ तळाला जाते.

जुनेवल्हे

@पत्र्याचीबोट, सगळं मान्य. पण ती बोट रिकामी ५०-६० किलोच्या खाली मिळत नाही, आणि यांचा तिसरा मजला आहे. ट्रेलर आला की ट्रेलर ठेवायची जागा आली, गाडीला हुक आला, पाण्यापर्यंत उतरणारी फरसबंदी आली. जॉन बोट स्वस्त असते, तिच्या मागून येणारं लटांबर स्वस्त नसतं.

पत्र्याचीबोट

लटांबर आहे खरं. पण काठावर ठेवायची सोय झाली तर माझा शब्द लक्षात ठेवा.

पंखपाय

सगळ्यात कमी खर्चाची गोष्ट अजून कुणी सांगितली नाही: फ्लोट ट्यूब. इंग्रजी 'यू' अक्षरासारखी हवेची गादी, मध्ये बैठक, पाय पाण्यात आणि पायाला पोहण्याचे पंख. वजन पाच-सहा किलो, पाठीवर घेऊन चालता येतं. दोन्ही हात मोकळे राहतात, हा वल्ह्याच्या बोटीत न मिळणारा आनंद. पंख मारले की आपण पाठमोरे सरकतो, त्यामुळे तोंड कायम आपल्या दोरीकडे राहतं. वनस्पतींच्या कडेने इतकं सावकाश सरकता येतं की मासे दचकत नाहीत.

मर्यादाही प्रामाणिकपणे सांगते. वाहत्या पाण्यात अजिबात नाही. वारा असेल तर नाही. वेग माणसाच्या रमतगमत चालण्याहूनही कमी. तुमचा वारा अकरानंतर आत ओढणारा आहे हे वाचून जरा बिचकले. सकाळी जाऊन दहाला काठावर येणार असाल तरच. आणि दहा वर्षांच्या मुलीसाठी ही वस्तू नाही.

हवाबंद

तिसरा मजला, लिफ्ट नाही, कॅरियर नाही. हे वाचल्यावर मला तरी एकच उत्तर दिसतं: हवेची कयाक किंवा छोटी हवेची बोट. नऊ वर्षं वापरतोय.

लोकांना पहिली भीती गळाची वाटते. पोहण्याच्या तलावातली खेळण्यातली बोट आणि ही बोट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खेळणं नुसत्या पातळ व्हिनाइलचं असतं. चांगल्या बोटीचं पीव्हीसी म्हणजे मध्ये पॉलिएस्टरचं विणलेलं कापड आणि दोन्ही अंगांनी लेप, जाडी ०.७ ते ०.९ मिलिमीटर. नऊ वर्षांत गळाने माझी बोट एकदाही फुटली नाही. फुटली ती दोनदा, दोन्ही वेळा काठावर ओढताना, एकदा तुटलेल्या काचेवर आणि एकदा खुंटावर. म्हणून ओढायची नाही, उचलायची. आणि हवेचे कप्पे किमान तीन वेगळे हवेत: दोन बाजूंचे आणि तळाचा.

तळ 'ड्रॉप-स्टिच' मिळाला तर घ्या. त्यात वरचा आणि खालचा थर आतून हजारो धाग्यांनी एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे ८-१० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा भरली तरी तो फुगा न होता फळीसारखा सपाट आणि टणक राहतो. साध्या तळाच्या बोटीत माणूस बसला की मध्ये खोलगा पडतो आणि वल्हं मारताना निम्मा जोर वाया जातो.

आता खरी काळजी कशाची घ्यायची ते सांगतो, कारण माझी पहिली बोट त्यातच गेली. बाजूचे कप्पे साधारण ३.६ पीएसआयला भरतात. सकाळी २० अंशांत मी ते बरोबर भरले, दुपारी बोट काठावर उन्हात ठेवून सावलीत बसलो. पंपावरचा काटा बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो. बाहेरची हवा १४.७, तर आतला खरा दाब १८.३. उन्हात आतली हवा ४५ अंशांवर गेली की हा १८.३ साडेआठ टक्क्यांनी वाढतो आणि १९.९ च्या जवळ जातो. कापड ताणलं नाही असं धरलं तर काट्यावर ३.६ चे ५.२ होतात. हवा तेवढीच, आणि शिवणीवरचा ताण जवळजवळ दीडपट. माझ्या बोटीची शिवण बैठकीजवळ वीतभर उसवली. आवाज आला तोही फाटण्याचा नाही, लांब सुस्कारा टाकल्यासारखा. तेव्हापासून पाण्याबाहेर उन्हात ठेवायची असेल तर आधी थोडी हवा सोडतो. उलट, काठावर टणक भरून थंड पाण्यात घातली की ती मऊ पडते. ती गळती नव्हे. दहा मिनिटांनी पुन्हा दाब बघून वर भरायचं.

जुनेवल्हे

@हवाबंद, दाबाचं उत्तम लिहिलंत. मी एवढंच जोडेन की हवेची बोट पाण्यावर उंच तरंगते आणि हलकी असते, त्यामुळे वारा तिला पानासारखी नेतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. धागाकर्त्यांचा वारा काठापासून आत ढकलणारा, म्हणजे सगळ्यात फसवा. काठाजवळ पाणी आरशासारखं दिसतं, लाटा पलीकडे उठतात. जाताना आपण किती जोरात वल्हं मारतोय असं वाटतं, आणि परतताना कळतं की वल्हं वारा मारत होता.

हवाबंद

खरं आहे. म्हणूनच तळाला मागे लागणारा पर, म्हणजे फिन, असलेलीच बोट घ्यावी. त्याशिवाय ती सरळ जात नाही, जागच्या जागी फिरत राहते. आणि वाऱ्याच्या दिवशी आधी वाऱ्याच्या तोंडाकडे जायचं, दमल्यावर वारा घरी आणतो. धागाकर्त्यांच्या काठावर नेमकं हेच जमत नाही. त्यांनी अकराच्या आत परत यावं किंवा पलीकडच्या काठावरून बोट उतरवावी. उतरायची जागा बदलणं हा सगळ्यात कमी खर्चाचा उपाय आहे.

नवीनगळ

वाचतोय. एक प्रश्न: लांब बोट जास्त वेगात जाते ना? मग ३ मीटरपेक्षा ३.६ मीटर घ्यावी का?

जुनेवल्हे

जाते, पण तेवढ्या फरकासाठी खर्च करू नये. पाण्यावरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणा, म्हणजे साधारण कमाल वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) येतो. १० फुटांना ४.२, १२ फुटांना ४.६. आणि सामान घेऊन बसलेला माणूस दिवसभर जो वेग टिकवतो तो दोन्हीच्या खालीच असतो. लांब बोट सरळ जास्त चांगली जाते. आखूड बोट वनस्पतींच्या फटीत जास्त चांगली वळते. धागाकर्त्यांना ८० मीटरच जायचंय.

बारा_व्होल्ट

मोटरचा विषय निघणारच, म्हणून आधीच लिहितो. ३० पौंड ओढीची १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर (बोटीला लावायची छोटी विजेची मोटर) पूर्ण वेगात ३० अँपियरच्या आसपास खाते. ५० अँपियर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, नाहीतर ती लवकर मरते. हाताशी राहिले २५ अँपियर-तास. पूर्ण वेगात एक तासही नाही. निम्म्या वेगात मात्र तीच बॅटरी कितीतरी जास्त पुरते, कारण पाण्याचा अडथळा वेगापेक्षा फार झपाट्याने वाढतो. त्या बॅटरीचं वजन १३-१५ किलो, तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट ६ किलोच्या आसपास. बॅटरीच्या अधिक टोकापाशीच फ्यूज हवाच. पात्यात वनस्पती अडकली की मोटर जास्त करंट ओढते आणि तार तापते.

तुमच्या ८० मीटरसाठी मोटर घेऊ नका. एक वर्ष वल्हं मारा. त्या पैशांत चांगलं वल्हं घ्या. हलकं वल्हं आणि जड वल्हं यांतला तीन-चारशे ग्रॅमचा फरक हजार फटक्यांनंतर खांद्याला कळतो.

रंधा

हाताने बांधायचा पर्यायही नोंदवून ठेवतो. प्लायवुडचे तुकडे कापायचे, कडेला बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेने टाके घालायचे, सांध्यात एपॉक्सीची लापशी भरून वर काचकापड चिकटवायचं. १९६३ ची 'मिरर' नावाची छोटी शिडाची होडी याच पद्धतीने घराघरांत बांधली गेली, तेव्हापासून ही पद्धत जगभर गेली. ४-६ मिलिमीटरच्या प्लायची कनू एकट्याला उचलता येते आणि पाण्यावर इतकी शांत चालते की तळाखाली पाण्याची बारीक कुजबुज ऐकू येते. पण बांधायला झाकलेली जागा आणि दोन-तीन महिन्यांच्या सुट्ट्या हव्यात. प्लायच्या एका तुकड्याला तासभर उकळून बघा. थर सुटले तर ते प्लाय बोटीचं नाही.

शांतकाठ

मी उशिरा लिहितेय, पण कळकळीने लिहितेय. वर सगळ्यांनी बोटीबद्दल लिहिलं. बोटीबाहेर पडल्यावर काय, यावर गळटाक्या सोडून कुणी लिहिलं नाही.

तीन वर्षांपूर्वी मी पहाटे एकटी होते, सिट-ऑन-टॉपवर. नांगर अडकला. तो सोडवायला मी बाजूच्या कडीतून दोरी ओढली आणि बोट त्या बाजूला वळून पालथी झाली. पाणी फार थंड होतं. पडल्या पडल्या श्वास आत ओढला गेला, माझ्या इच्छेविरुद्ध, आणि पुन्हा पुन्हा ओढला जात राहिला. लाइफ जॅकेट अंगात होतं म्हणून तोंड पाण्यावर राहिलं. जॅकेट मागे बांधून ठेवलेलं असतं तर मी आज हे लिहीत नसते. पोहता मला चांगलं येतं. त्या पहिल्या मिनिटात पोहणं वगैरे काही सुचत नाही.

अति थंड पाण्याबद्दल कॅनडाचे गॉर्डन गीसब्रेख्ट १-१०-१ हा हिशेब सांगतात: पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचं, पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. मी चौथ्या प्रयत्नात वर चढले. पाचवा जमला नसता, बोटं मिटत नव्हती. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब काढून घेतं.

म्हणून काठावरून दादा, बोट घेतल्यावर पहिल्या दिवशी गळ टाकायला जाऊ नका. कमरेएवढ्या पाण्यात जा, मुद्दाम पडा आणि वर चढा. दहा वेळा. मग मुलीला घेऊन तेच करा, तिच्या अंगात तिच्या मापाचं, मांड्यांमधून पट्टा असलेलं जॅकेट घालून. मोठ्याचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून वर येतं. शिट्टी जॅकेटलाच बांधा. घरी कुणाला तरी सांगून निघा, किती वाजेपर्यंत परत येणार ते.

जुनेवल्हे

शांतकाठ ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. नांगराचं मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. नांगर कधीही बाजूला बांधायचा नाही, पुढच्या किंवा मागच्या टोकालाच. बाजूने दोरी ताणली की वारा किंवा प्रवाह बोटीला तिथेच रेटून पालथी करतो. दोरी एका हाताने झटकन सुटेल अशी अडकवायची आणि दोरीच्या शेवटाला एक छोटा तरंगता गोळा बांधायचा. अडचण आली तर दोरी सोडून द्यायची, गोळा तरंगत राहतो, नांगर नंतर आणता येतो. तलावात दीड किलोचा घडीचा नांगर आणि खोलीच्या तिप्पट दोरी पुरते. नदीच्या ओढीत पहिल्या वर्षी नांगर टाकूच नये.

काठावरून

मंडळी, तुम्ही एवढं भरभरून लिहिलंत. दोन आठवडे रोज वाचत होतो. आता काय केलं ते सांगतो.

आधी ती सिट-इन कयाक सोडून दिली. मग एक जुनी सिट-ऑन-टॉप पाहिली, ८२ सेंटिमीटर रुंद, १६० किलोचं लेबल, तिचं स्वतःचं वजन २७ किलो. स्कपरच्या भोकांना तडे नव्हते, मागच्या टोकाला घासल्याची खूण होती पण खोल नव्हती. मन तिच्यावर बसलं होतं. घेण्याआधी घरी २० लिटरचा पाण्याचा कॅन आणि वर ७ किलोची पिशवी घेऊन जिने चढलो. पहिल्या दिवशी चढलो. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर पुन्हा प्रयत्न केला आणि दुसऱ्या मजल्यावर कॅन खाली ठेवला. आणि कॅनला ३ मीटर लांबी नव्हती, जिन्याची वळणं नव्हती अडवली त्याने. तिथे निर्णय झाला.

हवेची कयाक घेतली. वापरलेली, ३.३ मीटर, ९० सेंटिमीटर रुंद, ड्रॉप-स्टिच तळ, तीन कप्पे, मागे फिन. लेबल १९५ किलो. पिशवीसकट १६ किलो, पाठीवर बसते. घेण्याआधी विकणाऱ्याकडेच पूर्ण भरून दोन तास ठेवायला लावली, आणि सगळ्या शिवणींवर साबणाचं पाणी फिरवलं. एका झडपेशी बुडबुडे आले. झडप आवळल्यावर थांबले.

पहिला दिवस शांतकाठ ताईंच्या सांगण्याप्रमाणे. कमरेएवढ्या पाण्यात पडलो आणि चढलो. पहिल्या तीन वेळा चढताना बोट माझ्याच अंगावर उलटली. मग कळलं की हातांनी वर ओढून घ्यायचं नाही. पाय मागे पाण्यावर आणायचे, जोरात मारायचे आणि पोटावर घसरत आडवं व्हायचं. मुलीला माझ्या आधी जमलं.

काल पहाटे साडेपाचला एकटा उतरलो. पट्ट्यापर्यंत पोचायला तीन मिनिटं लागली. सात वर्षं जे लांबून पाहत होतो ते हातभर अंतरावर होतं. पानांच्या देठांना बारीक गोगलगायी चिकटल्या होत्या, आणि पट्टा माझ्या समजुतीसारखा सलग नव्हताच, मध्ये मध्ये खोल्यांएवढ्या मोकळ्या जागा होत्या. ल्युअर फेकावा लागला नाही, नुसता सोडला. दोन मासे मिळाले, दोन्ही पाण्यातच गळ काढून सोडले. साडेनऊला परत काठावर. अकराला वारा सुटला तेव्हा मी बोट पुसत होतो.

शांतकाठ

वाचून डोळे भरून आले. मुलीला शाबासकी सांगा.

पंखपाय

त्या मोकळ्या जागांबद्दल वेगळा धागा काढा, खूप लिहिण्यासारखं आहे.

नवीनगळ

अभिनंदन! मलाही हवेचीच घ्यावी असं वाटायला लागलंय. फाटली तर ठिगळ घरी लावता येतं का? सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन चालतं का?

हवाबंद

घरी लावता येतं. सायकलचं सोल्युशन चालत नाही, ते रबरासाठी असतं आणि पीव्हीसीवर दोन दिवसांत सुटतं. पीव्हीसीला पॉलियुरेथेनचा दोन भागांचा गोंद लागतो. काही बोटी हायपलॉन नावाच्या कापडाच्या असतात, त्यांचा गोंद आणि ठिगळ दोन्ही वेगळं, म्हणून आधी लेबल बघा.

हवा पूर्ण सोडून जागा सपाट पसरा. ॲसिटोनने पुसा. ठिगळ फाट्याच्या चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर जास्त घ्या आणि कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरा उचकटतो. दोन्हीकडे पातळ थर लावा, वाळू द्या, पुन्हा लावा. बोटाला चिकट लागेल पण गोंद बोटावर येणार नाही, इतका सुकला की मधून कडेकडे दाबत चिकटवा. चमच्याच्या पाठीने घासा, आत हवा राहू देऊ नका. मग २४ तास हवा भरायची नाही.

काठावरून

@हवाबंद, आणि घडी करण्याआधी किती वेळ वाळवता? काल पुसली तरी आज पिशवीतून ओलसर वास आला.

हवाबंद

तळ आणि बाजूचे कप्पे जिथे मिळतात त्या खाचेत पाणी राहतं, फडक्याने तिथे पोचता येत नाही. हवा भरलेलीच ठेवून उभी करा, टोक खाली, सावलीत, तासभर. थेंब गळायचे थांबले की त्या खाचेत कोरडं फडकं वळकटी करून खुपसा आणि एकदा फिरवा. मग घडी. आज पिशवीतून काढून पुन्हा पसरा, एका रात्रीत काही बिघडलेलं नसतं.